बाराव्या वर्षाची फाइल : हंगामाआधी छोट्या क्लबांनी करायची तयारी

कोल्हापुरात शाहू स्टेडियमवर फुटबॉलच्या पहिल्या सामन्याची शिट्टी वाजायच्या आत, खेळाडू नोंदणीच्या दिवसांतच हे काम उरकायचं आहे. वरिष्ठ संघात यंदा कोण कुठल्या तालमीकडं (आपल्याकडं फुटबॉल क्लबही तालमीचेच) गेला, याचा हिशेब पेठेतला प्रत्येक कट्टा ठेवतो. बारा-तेरा वर्षांच्या पोरांचा हिशेब मात्र कोणीच ठेवत नाही, आणि छोट्या क्लबाचं खरं नुकसान तिथंच होतं. पोरगा पुढं मोठ्या क्लबात गेला, तर त्याला घडवणाऱ्या क्लबाला जागतिक संघटना फिफाच्या नियमानं पैसे मिळू शकतात. ते मागायला लागणारी ही फाइल.

सुरुवात यादीपासून करा. यंदाच्या कॅलेंडर वर्षात ज्यांना बारा वर्षं पूर्ण होतात, त्यांची नावं वेगळी काढा. फिफाच्या नियमात खेळाडूच्या प्रशिक्षणाची मोजणी या वर्षापासून सुरू होते. पोरगं आपल्याकडं आठव्या वर्षापासून येत असेल, त्याच्या बुटाची नाडी आपण बांधली असेल, पण त्या चार वर्षांना कागदावर किंमत नाही. म्हणून निदान बारावं वर्ष तरी चुकवू नका. जन्मदाखला महापालिकेचा किंवा ग्रामपंचायतीचा मूळ पाहून घ्या, आधारवरचं नाव आणि दाखल्यावरचं नाव अक्षर न् अक्षर जुळतंय का बघा. वय कमी दाखवायचा मोह कुणाला झाला तर तिथंच थांबवा. एक खोटी तारीख पुढची सगळी वर्षं बाद करते.

मग नोंदणी. हाच या सगळ्या तयारीचा कणा. शालेय स्पर्धेत पोरानं कितीही गोल मारले, उन्हाळी शिबिरात कितीही आला, तरी संघटनेशी संलग्न क्लबाकडं त्याची अधिकृत नोंद नसेल तर त्याच्या प्लेअर पासपोर्टमध्ये, म्हणजे तो कधी कुठल्या क्लबाकडं होता त्या अधिकृत नोंदीत, तुमचं नाव येत नाही. हौशी खेळाडू म्हणून केलेली नोंदही चालते, पैसे देऊन करार केलेलाच पाहिजे असं नाही. केएसए (कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन), विफा (वेस्टर्न इंडिया फुटबॉल असोसिएशन) आणि त्यावर एआयएफएफ (अखिल भारतीय फुटबॉल महासंघ) अशी ही साखळी आहे. एआयएफएफच्या ऑनलाइन प्रणालीत पोराचं नाव चढलं का, सुरुवातीची आणि शेवटची तारीख बरोबर पडली का, हे स्वतः उघडून पाहा आणि त्या पानाची प्रिंट काढून ठेवा. अर्धाच हंगाम नोंद असेल तर पैसेही त्याच प्रमाणात मोजले जातात.

हे मी पोटतिडकीनं सांगतोय, कारण आमच्या हातून चूक झाली आहे. एक पोरगा नवव्या वर्षी आला आणि पंधराव्या वर्षी बाहेरच्या एका मोठ्या अकादमीनं नेला. पुढं तो करारबद्ध झाला. आम्ही पत्र पाठवलं, तर त्यांनी एकच विचारलं : नोंदणी दाखवा. आमच्याकडं होते चषकासोबतचे फोटो, वर्तमानपत्रातली कात्रणं आणि स्पर्धेची पत्रकं. दोन वर्षं लहान गटाची नोंदणीच आम्ही केली नव्हती, फी वाचवायची म्हणून. समोरच्यांनी साधं आभाराचं पत्रही पाठवलं नाही, याचं दुःख आहेच. पण त्यांच्या हाती नकाराचं कारण आम्हीच दिलं होतं.

आता पैसे नेमके कुठून येतात ते कमिटीतल्या प्रत्येकाला समजावून सांगा, नाहीतर अर्धवट ऐकून लोक कोटीची स्वप्नं बघतात. वाटा दोन आहेत. पहिली प्रशिक्षण मोबदल्याची, म्हणजे पोराला घडवायच्या खर्चापोटी घेणाऱ्या क्लबानं द्यायच्या पैशाची. तो पहिल्या व्यावसायिक करारावर मिळतो आणि त्यानंतर तेविसाव्या वर्षापर्यंतच्या बदलींवर. पण फिफाचा हा नियम खेळाडू एका देशाच्या संघटनेतून दुसऱ्या देशाच्या संघटनेत गेला तरच लागतो. आपल्या पोराचा पहिला करार बहुधा भारतातल्याच क्लबाशी होणार. मग तो देशातला मामला झाला. पुढं तो परदेशी गेला, तर त्या बदलीचा प्रशिक्षण मोबदला फक्त त्याच्या लगेच आधीच्या क्लबाला मिळतो. म्हणजे घडवला पेठेतल्या क्लबानं आणि मोबदला शेवटच्या मोठ्या क्लबाला. ही गोष्ट मला पटत नाही, आणि ती बैठकीत बोलून दाखवायला मी कचरत नाही.

म्हणून एआयएफएफच्या देशांतर्गत नियमांची चालू प्रत मागून घ्या. राष्ट्रीय संघटनेच्या नियमांत तरुण खेळाडू घडवणाऱ्या क्लबांना मोबदला देण्याची व्यवस्था असावी, असं फिफाच्याच नियमावलीत लिहिलं आहे. ती व्यवस्था कशी आहे, दर काय, दावा किती दिवसांत करायचा, हे केएसएमार्फत लेखी विचारा. उत्तर आलं की फाइलच्या पहिल्या पानावर लावा.

दुसरी वाट सॉलिडॅरिटीची. करार चालू असताना खेळाडू पैसे देऊन एका देशातून दुसऱ्या देशात विकला गेला, तर त्या रकमेतले पाच टक्के त्याला बारा ते तेवीस या वयात घडवणाऱ्या क्लबांत वाटले जातात. बारा ते पंधरा या चार वर्षांना दरवर्षी पाव टक्का आणि सोळा ते तेवीस या आठ वर्षांना दरवर्षी अर्धा टक्का. समजा एक कोटीला बदली झाली आणि पोरगा बारा ते पंधरा ही चारही वर्षं तुमच्याकडं होता, तर तुमचे एक लाख. करार संपून तो मोकळा गेला तर मात्र काहीच नाही, कारण रक्कमच नसेल तर पाच टक्के काढणार कशाचे?

या आकड्यांवर थोडं थांबा. छोट्या क्लबाच्या हातात पोरगा असतो तो याच बारा ते पंधरा वर्षांत, आणि नेमक्या याच वर्षांना निम्मा भाव. प्रशिक्षण मोबदल्यातही तसंच. तिथं खेळाडू घेणाऱ्या क्लबाच्या श्रेणीवरून वर्षाचा खर्च ठरतो : युरोपातल्या अव्वल श्रेणीला वर्षाला ९० हजार युरो, आशियातल्या तळच्या चौथ्या श्रेणीला २ हजार डॉलर. पण बारा ते पंधरा या वर्षांचा हिशेब, घेणारा क्लब कितीही मोठा असला तरी, चौथ्या श्रेणीच्याच दरानं होतो. लहान पोरांची किंमत अवाजवी चढू नये, हे त्यामागचं कारण. ते मला समजतं. भाव चढला तर पोराला कोणी घेणारच नाही. पण चेंडू पायाखाली थांबवायला, मान वर करून पास द्यायला पोरगा याच वयात शिकतो. हे काम सगळ्यात स्वस्त कसं?

इंग्लंडकडं बघा. तिथं २०१२ साली मोठ्या क्लबांनी छोट्या क्लबांकडून पोरं नेताना द्यायचे ठरावीक दर आले. नऊ ते अकरा वर्षं वयोगटासाठी वर्षाला फक्त ३ हजार पौंड. हातची पोरं अशी थोडक्या पैशात जायला लागली म्हणून ब्रेंटफर्डनं २०१६ मध्ये आपली अकादमीच बंद केली. मोबदला कमी असला की शेवटी मैदानच रिकामं होतं.

म्हणून खर्चाची वही घाला, आणि ती रोजच्या रोज लिहा. चेंडू, जाळी, बूट, जर्सी, सामन्याच्या दिवशीची गाडी, सरांचं मानधन, दुखापतीची पट्टी, सकाळची अंडी आणि केळी. पावती नसेल तर दुकानदाराची सही घ्या. या वहीत पुढं गेलेल्या पोराचाच नव्हे, सगळ्या तीस पोरांचा खर्च लिहा. ऑलिंपिक लिऑन आणि ऑलिव्हिए बर्नार यांच्या खटल्यात युरोपीय न्यायालयानं २०१० साली म्हटलं, की मोबदला प्रशिक्षणाच्या खऱ्या खर्चाशी जोडलेला हवा, आणि तो मोजताना जे पुढं व्यावसायिक झालेच नाहीत त्यांचा खर्चही धरता येतो. हा निकाल आपल्यावर बंधनकारक नाही, पण मुद्दा आपल्या प्रत्येक तालमीचा आहे. तीस जणांना घेऊन पळवल्याशिवाय एक उभा राहत नाही.

बँकेचं काम लवकर सुरू करा, त्याला सगळ्यात जास्त वेळ लागतो. नोव्हेंबर २०२२ पासून फिफाचे हे पैसे पॅरिसच्या क्लिअरिंग हाऊसमधून, म्हणजे ते तपासून वाटणाऱ्या संस्थेतून येतात, आणि क्लबाची कागदपत्रं तपासल्याशिवाय ते सुटत नाहीत. खातं क्लबाच्या नावावर हवं, सचिवाच्या किंवा वस्तादांच्या नाही. मंडळ ट्रस्ट असेल तर धर्मादाय कार्यालयातला चेंज रिपोर्ट (विश्वस्त बदलल्याची नोंद) पूर्ण झालाय का बघा; अनेक मंडळांच्या जुन्या नोंदीत दिवंगत विश्वस्तांचीच नावं चालू आहेत. परदेशी रक्कम घेण्याबाबत सी.ए.ना आधी विचारा. खेळाडूची नोंद तपासायला क्लबांना मिळणारी मुदत दहा दिवसांइतकी कमी असू शकते, तेव्हा क्लबाचा ईमेल रोज उघडणारा एक तरुण कार्यकर्ता नेमा.

मुलींचा संघ असेल तर एक गोष्ट माहीत असू द्या. फिफाचा प्रशिक्षण मोबदला महिला फुटबॉलला लागू नाही, सॉलिडॅरिटी मात्र आहे. नोंदणी त्यांचीही तितक्याच काळजीनं करा.

पोराच्या आई-वडिलांना एकदा तालमीत बोलवा आणि सगळं मोकळेपणानं सांगा. हा पैसा त्यांच्या मुलाच्या पगारातून जात नाही, घेणारा क्लब देतो, हे त्यांना कळलं पाहिजे. आणि स्टॅम्पपेपरवर बाँड लिहून घेऊ नका. अल्पवयीन मुलाचा करार कायद्यात टिकत नाही, आणि एनओसी (ना-हरकत दाखला) अडवून धरलेलं पोरगं खेळ सोडतं. २०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात अनिकेत जाधवला भारताच्या जर्सीत बघताना सारं कोल्हापूर टीव्हीसमोर होतं. असं पोर आपल्या दारात अडकून पडावं, असं कुणालाच वाटत नसेल.

हाच न्याय आपण खालीही लावायचा. गडहिंग्लजकडचा किंवा शेजारच्या छोट्या मंडळाचा सोळा वर्षांचा पोरगा आपण आणला, तर त्याच्या जुन्या क्लबाला काय दिलं, हे यंदाच्या वहीत वेगळ्या पानावर लिहा. चार चेंडू आणि एक जर्सीचा संच दिला तरी लिहा. आपण काहीच देणार नसू, तर वरच्यांकडं कोणत्या तोंडानं मागायचं?

शेवटी फाइल ठेवायची जागा. २०१९ आणि २०२१ च्या पुरात पंचगंगेचं पाणी किती घरांत शिरलं, ते आपण पाहिलंय. तालमीच्या कपाटात एक प्रत, दुसरी उंचावर राहणाऱ्या कुणा कार्यकर्त्याच्या घरी, तिसरी मोबाइलवर स्कॅन करून तीन जणांकडं. चौथी पोराच्या आईकडं द्या.