उन्हात उमटणारे निळे चित्र: सायनोटाइप कसे करावे

सायनोटाइपला कॅमेरा लागत नाही आणि अंधारखोलीही लागत नाही. दोन रसायने, बरा कागद, एखादे पान आणि ऊन एवढ्यावर गडद निळ्या जमिनीवर पांढरी आकृती उमटते. इंग्रज शास्त्रज्ञ जॉन हर्शेल यांनी ही पद्धत 1842 मध्ये शोधली. पुढच्याच वर्षी वनस्पतींच्या अभ्यासक ॲना ॲटकिन्स यांनी समुद्री शैवालांचे ठसे याच पद्धतीने घ्यायला सुरुवात केली. इंजिनिअरांच्या निळ्या नकाशांचे मूळही हेच. चित्र काढता येत नाही म्हणून हातकामापासून लांब राहिलेल्यांनी सुरुवात इथून करावी, कारण इथे रेघ ओढायची नसते, फक्त मांडणी करायची असते.

द्रावण

100 मिली डिस्टिल्ड वॉटरमध्ये 25 ग्रॅम फेरिक अमोनियम सायट्रेट (हिरव्या रंगाचे) विरघळवा. दुसऱ्या बाटलीत 100 मिली पाण्यात 10 ग्रॅम पोटॅशियम फेरिसायनाइड विरघळवा. बाटल्या गडद काचेच्या हव्यात. वेगवेगळी ठेवलेली ही द्रावणे काही महिने टिकतात. पहिल्यावर बुरशी धरली तर गाळून वापरा. कागदाला लावायच्या वेळी दोन्ही समप्रमाणात मिसळा, आणि मिसळलेले त्याच दिवशी संपवा.

हातमोजे घाला, स्वयंपाकाची भांडी वापरू नका. फेरिसायनाइड तापवायचे नाही आणि तीव्र आम्लाजवळ न्यायचे नाही, कारण त्यातून विषारी वायू निघू शकतो.

कागद

बिघडलेल्या ठशांचे मूळ बऱ्याचदा कागदात सापडते. पातळ कागद धुताना फाटतो. टिकाऊपणासाठी काही कागदांत खडूची पूड घातलेली असते. ती अल्कधर्मी असल्यामुळे निळा रंग फिका पाडते. जाड, सुती, जलरंगाचा कागद घ्या आणि नव्या गठ्ठ्यातला एक तुकडा आधी करून बघा.

खोलीत साधा पिवळा बल्ब पुरतो, खिडकी मात्र झाका. ए४ कागदाला साधारण 3 ते 4 मिली मिश्रण लागते. स्पंजाच्या ब्रशने आधी आडवा आणि लगेच उभा हात फिरवा. पत्र्याची पट्टी असलेला ब्रश टाळा, धातूमुळे निळे ठिपके पडतात. कागदावर थारोळे साचू देऊ नका. कागद अंधारात पूर्ण वाळू द्या. वाळल्यावर तो पिवळट-हिरवा दिसतो. आत्ताच निळा दिसत असेल तर त्याला उजेड लागला आहे.

मांडणी आणि ऊन

पाने एक-दोन दिवस वर्तमानपत्रात दाबून वाळवा. ताज्या पानातला ओलावा थरात उतरतो आणि डाग पडतात. नेच्याची पाने, गवताचे तुरे, जाळीदार लेस यांचे ठसे फार सुंदर येतात. मागे पुठ्ठा, त्यावर कागद, वर पान आणि त्यावर साधी काच ठेवून चारी बाजूंनी क्लिपा लावा. पान जिथे कागदापासून उचललेले राहील तिथे कड धूसर येते. काही जणांना ती धूसर कड आवडते आणि ती मुद्दाम आणताही येते. अतिनील किरण अडवणारी काच मात्र चालत नाही, कारण सगळे काम त्याच किरणांचे असते. ते पडले की थरातल्या लोहाचे रूप बदलते आणि त्यातून प्रशियन ब्लू हा पाण्यात न विरघळणारा रंग तयार होतो.

कडक उन्हात 8 ते 15 मिनिटे, ढगाळ हवेत त्याच्या दुप्पट किंवा जास्त. पण घड्याळापेक्षा रंगाकडे बघा. उघडा भाग आधी हिरवट होतो, मग निळा, आणि त्यानंतर करडा पडून त्यावर धातूसारखी मंद झाक येते. नवखे लोक छान निळा दिसला की कागद उचलतात, आणि धुताना तो निळा पाण्याबरोबर निघून जातो. करडी झाक येईपर्यंत थांबा. पहिल्या दिवशी एक पट्टी पुठ्ठ्याने झाकून दर 3 मिनिटांनी थोडी थोडी उघडत जा. तुमच्या उन्हाला किती वेळ लागतो ते त्या एका पट्टीवर वाचता येते.

धुणे

कागद गार पाण्यात पालथा सोडा आणि ट्रे हलवत राहा. पानाखालच्या जागेतून पिवळे पाणी सुटते, करडी जमीन बघता बघता निळी होते आणि पांढरी शीर वर येते. या कामातला सगळ्यात सुखाचा क्षण हाच! 5 ते 10 मिनिटे, पिवळेपणा पुरता जाईपर्यंत पाणी बदलत राहा. तो राहिला तर पांढरा भाग पुढे निळसर होतो. नळाचे पाणी जड असेल तर पहिल्या पाण्यात चमचाभर व्हिनेगर घाला. साबण मुळीच नको.

वाळताना निळा आणखी गडद होतो, पूर्ण रंग यायला एक दिवस लागतो. वाट बघवत नसेल तर लिटरभर पाण्यात 3 टक्क्यांचे 10 मिली हायड्रोजन पेरॉक्साइड घालून ठसा त्यात बुडवा. रंग क्षणात खोल होतो. मग पुन्हा साध्या पाण्यातून काढा.

तपकिरी-काळसर छटा हवी असेल तर वाळलेला ठसा गार केलेल्या कडक कोऱ्या चहात तास-दोन तास ठेवा. पांढरा भागही थोडा रंगतो, हे धरून चला.

ठसा थेट उन्हात टांगू नका. कधी फिका पडलाच तर काही दिवस अंधारात, हवा लागेल असा ठेवा. निळा बराचसा परत येतो.