ॲनिमेशनपट, आवाज आणि पुरस्कार : नोंद करताना या चुका टाळा

सोलापुरातील शालेय प्रश्नमंजूषांसाठी चित्रपट पुरस्कारांवरचे प्रश्न काढण्याचे आणि इतरांनी काढलेले प्रश्न तपासण्याचे काम गेली अनेक वर्षे माझ्याकडे येत आहे. ॲनिमेशनपटांचा भाग आला की दरवर्षी त्याच त्या चुका नव्या हस्ताक्षरात समोर येतात. त्यांतली बहुतेक एकाच घाईतून होतात. ‘ऑस्कर मिळाले’ एवढे दोन शब्द वाचून लिहिणारा थांबतो. कोणत्या विभागात, कोणाच्या नावे आणि कोणत्या वर्षासाठी, हे तो विचारत नाही.

‘पहिला’ हा शब्द सैल सोडणे

ही चूक मी स्वतः भर सभागृहात केलेली आहे, म्हणून तिच्यावर माझा विशेष राग आहे. काही वर्षांपूर्वी एका आंतरशालेय स्पर्धेच्या अंतिम फेरीत मी प्रश्न विचारला : ऑस्कर मिळवणारा पहिला ॲनिमेशनपट कोणता? माझ्या हातातल्या कार्डावर उत्तर होते ‘श्रेक’. पहिल्या संघाने ‘स्नो व्हाइट’ म्हटले आणि मी मान हलवली. दुसऱ्या संघातली नववीची मुलगी उठून म्हणाली, “फ्लॉवर्स अँड ट्रीज, १९३२.” मी तिला ऐटीत सांगितले की तो लघुपट आहे. ती खाली बसली नाही. “सर, पण प्रश्नात लघुपट नको असं कुठं म्हटलंय?” एवढेच तिने विचारले, आणि मागच्या रांगांतले पालक हसले. मी कार्डाला चिकटून राहिलो आणि तिचा संघ त्या एका प्रश्नाने हरला.

त्या रात्री घरी बसून सगळे पुन्हा तपासले, तेव्हा लक्षात आले की तिन्ही उत्तरांना काही ना काही आधार होता आणि माझ्या प्रश्नाला तेवढा नव्हता. कार्टून लघुपटांचा विभाग १९३२ मध्ये सुरू झाला आणि त्यात पहिला पुरस्कार ‘फ्लॉवर्स अँड ट्रीज’ला मिळाला, त्याच समारंभात वॉल्ट डिस्ने यांना मिकी माउसच्या निर्मितीसाठी मानद पुरस्कारही देण्यात आला. ‘स्नो व्हाइट अँड द सेव्हन ड्वॉर्फ्स’ हा १९३७ चा चित्रपट. त्यासाठी १९३९ मध्ये डिस्ने यांना आणखी एक मानद पुरस्कार मिळाला, ज्यात ऑस्करची एक मोठी आणि सात छोट्या बाहुल्या होत्या. तो पुरस्कार खराच होता, पण तो स्पर्धेत जिंकलेला नव्हता. ‘टॉय स्टोरी’चे दिग्दर्शक जॉन लॅसेटर यांना १९९६ मध्ये मिळालेला पुरस्कारही असाच विशेष स्वरूपाचा होता. पूर्ण लांबीच्या ॲनिमेशनपटांसाठी स्वतंत्र स्पर्धात्मक विभाग २००१ च्या चित्रपटांपासून, म्हणजे मार्च २००२ च्या समारंभापासून आला, आणि त्यात ‘श्रेक’ पहिला ठरला.

दुसऱ्या दिवशी मी त्या शाळेला पत्र लिहून चूक कबूल केली, पण चषक दुसऱ्या शाळेच्या कपाटात गेला होता तो गेलाच. तेव्हापासून ‘पहिला’ हा शब्द मी एकटा लिहीत नाही. त्याच्यापुढे ‘पूर्ण लांबीचा’ की ‘लघुपट’, आणि ‘स्पर्धात्मक’ की ‘मानद’, हे लिहून झाल्याशिवाय प्रश्न कार्डावर उतरवत नाही. प्रश्न लांबतो, निवेदकांची कुरकुर होते, ती होऊ द्यावी. ‘नामांकन मिळालेला पहिला’ असे लिहिणाऱ्यांनी तर दुप्पट काळजी घ्यावी, कारण ‘ब्युटी अँड द बीस्ट’ला मुख्य ‘सर्वोत्कृष्ट चित्रपट’ विभागात नामांकन मिळाले, तेव्हा ॲनिमेशनपटांचा स्वतंत्र विभाग अस्तित्वातच नव्हता.

चित्रपटाचा पुरस्कार आवाजाच्या नावावर लिहिणे

ही माझी दुसरी डोकेदुखी आहे. ‘श्रेक’चा तो ऑस्कर निर्माते ॲरन वॉर्नर यांच्या नावे आहे; माइक मायर्स आणि एडी मर्फी यांनी दिलेले आवाज कितीही गाजले असले, तरी त्या बाहुलीवर त्यांचा हक्क नाही. केवळ आवाजाच्या बळावर केलेल्या भूमिकेला ऑस्करच्या अभिनय विभागात आजवर एकही नामांकन मिळालेले नाही. इतरत्र मात्र दारे थोडी किलकिली झालेली दिसतात. याच ‘श्रेक’साठी मर्फी यांना ब्रिटनच्या बाफ्टा पुरस्कारांत सहायक अभिनेत्याचे नामांकन होते, आणि ‘अलादीन’मधल्या जिनीच्या आवाजासाठी रॉबिन विल्यम्स यांना १९९३ मध्ये गोल्डन ग्लोबचा विशेष पुरस्कार मिळाला. आवाजासाठी नेमाने पुरस्कार देणारे ठिकाण म्हणजे ॲनिमेशनसाठीचे १९७२ पासूनचे ॲनी पुरस्कार, ज्यांची कल्पना ज्यून फोरे यांची होती आणि त्या स्वतः आवाजाच्या कलाकार होत्या. दूरचित्रवाणीसाठी एमीमध्येही आवाजाचा विभाग आहे, पण एमीची नोंद चित्रपटांच्या पानावर करू नये.

हा घोळ आपल्या गावात कोणत्या थराला जातो, ते मी पाहिले आहे. सोलापूरच्या तेलुगूभाषक विणकरांच्या पूर्व भागातल्या यंत्रमाग कामगाराचा एक मुलगा, घरी तेलुगू आणि शाळेत मराठी बोलत वाढलेला, मुंबईत डबिंग करू लागला आणि एका गाजलेल्या परदेशी ॲनिमेशनपटाच्या मराठी आवृत्तीत त्याला एका दुय्यम पात्राचा आवाज मिळाला. मूळ चित्रपट ऑस्कर जिंकलेला होता. गावाकडच्या उत्साही मंडळींनी चौकात दहा फुटांचा फ्लेक्स लावला : ‘ऑस्कर विजेते आपले सुपुत्र यांचा जाहीर सत्कार’. मुलगा माझा जुना विद्यार्थी. रात्री साडेदहाला त्याचा फोन आला. “सर, तेवढा बोर्ड काढायला सांगा ना. स्टुडिओतल्या कुणी फोटो पाहिला तर मला परत उभं करणार नाहीत.” मी सांगून पाहिले. मंडळींचे म्हणणे असे, की चित्रपटाला मिळाले म्हणजे सगळ्यांना मिळाले. शेवटी ‘ऑस्कर विजेते’वर पांढरा कागद चिकटवला गेला, आणि त्यातूनही अक्षरे दिसतच होती.

मला वाईट वाटले ते निराळ्या कारणाने. त्या मुलाने खरोखर जे केले होते, त्याचा फ्लेक्सवर एक शब्दही नव्हता. एका प्रसंगात मूळ पात्राचे ओठ वाक्याच्या शेवटी मिटत होते आणि हातात आलेले मराठी वाक्य ‘पुढे धोका आहे’ असे उघड्या तोंडाने संपत होते. आवाज बरोबर पडला तरी पडद्यावर तोंड खोटे दिसत होते. त्याने तिथल्या तिथे ‘पुढे धोका आहे, थांब’ असे सुचवले, मधले शब्द भरभर घेतले आणि ‘ब’वर ओठ जुळले. या कामाची नोंद करायची, तर वहीत तीन ओळी वेगळ्या हव्यात : मूळ आवाज कोणाचा, मराठी आवाज कोणाचा आणि पुरस्कार कोणाच्या नावे. माझ्या वहीत तिसऱ्या ओळीला लाल रेघ असते.

डबिंगसाठी स्वतंत्र पुरस्कार पाहायचा असेल, तर केरळ राज्य चित्रपट पुरस्कारांकडे पाहावे; तिथे डबिंग कलाकारांचा विभाग आहे. संवाद दुसऱ्याने डब केलेली भूमिका ऑस्करच्या नियमांत अभिनयासाठी पात्र ठरत नाही. आपल्याकडे मात्र ‘मणिचित्रताळ’ या मल्याळम चित्रपटामध्ये दुसऱ्यांचा आवाज असूनही शोभना यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, आणि माझ्या मते तो योग्यच होता.

बाकीच्या किरकोळ, पण रोजच्या

गाण्याचा ऑस्कर गायकाला देऊन टाकू नका. ‘फ्रोझन’मधल्या ‘लेट इट गो’चा पुरस्कार गीत-संगीत रचणाऱ्या लोपेझ दांपत्याचा आहे, ते गाणाऱ्या इडिना मेंझेल यांचा नाही.

वर्ष लिहिताना चित्रपटाचे आणि समारंभाचे असे दोन रकाने करा. ‘स्पिरिटेड अवे’ जपानमध्ये २००१ मध्ये आला, बर्लिनचे गोल्डन बेअर त्याला २००२ मध्ये मिळाले आणि ऑस्कर २००३ मध्ये. एकाच रकान्यात लिहिणाऱ्याची यांतली दोन वर्षे हमखास चुकतात.

संगणकावर बनलेले सगळेच ॲनिमेशन विभागात जाते असे समजू नका. ऑस्करच्या नियमानुसार चित्रपट चाळीस मिनिटांहून मोठा हवा, त्याच्या लांबीचा किमान ७५ टक्के भाग ॲनिमेशनचा हवा, आणि नटाच्या हालचाली टिपणारे मोशन कॅप्चर एवढ्यानेच ॲनिमेशन ठरत नाही. २०१९ चा ‘द लायन किंग’ गोल्डन ग्लोबमध्ये ॲनिमेशनपट म्हणून नामांकित झाला आणि ऑस्करमध्ये दृश्य परिणामांच्या विभागात. राष्ट्रीय पुरस्कारांत तर आता ॲनिमेशन, दृश्य परिणाम, गेमिंग आणि कॉमिक्स यांची एकत्र मोट बांधली आहे, त्यामुळे २०२२ साठीचा तो पुरस्कार ‘ब्रह्मास्त्र’ला मिळाला म्हणून त्याला ॲनिमेशनपट लिहिणे चूक आहे. तेलुगू ‘किट्टू’ला २००६ साठी मिळालेला पुरस्कार मात्र निखळ ॲनिमेशनपटाचा होता. पूर्व भागातल्या मुलांनाही तो आठवत नाही, याचे मला नवल वाटते.

संवाद नसले म्हणजे आवाजाचे काम नसते, हाही एक गैरसमज आहे. लाटव्हियाचा ‘फ्लो’ २०२५ मध्ये एकही शब्द न बोलता ऑस्कर जिंकला. त्यातले आवाज खऱ्या प्राण्यांचे आहेत, कॅपिबारा या प्राण्याला मात्र उंटाच्या पिल्लाचा आवाज दिला आहे. मुलांना हे सांगितले की ती चित्रपट पुन्हा लावून ऐकतात, आणि टिपणे पाठ करण्यापेक्षा मला ते बरे वाटते.

शेवटची चूक अधीर मंडळींची. ऑस्कर देणाऱ्या अकादमीने पात्र चित्रपटांची यादी जाहीर केली की लगेच ‘नामांकन मिळाले’ असे संदेश फिरू लागतात. नोव्हेंबर २०२५ मध्ये ‘महावतार नरसिंह’ पात्र ठरलेल्या ३५ ॲनिमेशनपटांच्या यादीत होता, आणि त्याच आठवड्यात दोन शाळांतून मला आलेल्या प्रश्नसंचांत तो ‘ऑस्कर नामांकित’ झालेला होता. पात्रता म्हणजे अर्ज नियमात बसला, एवढेच. नामांकने पाच असतात आणि ती बहुधा जानेवारीत, म्हणजे सोलापूरच्या होम मैदानावर संक्रांतीची गड्डा यात्रा भरलेली असते त्या सुमारास येतात. पात्र यादीतली नावे मी वहीत पेन्सिलीने लिहितो, नामांकने आली की निळ्या शाईने, आणि मार्चमधला समारंभ झाल्यावर विजेत्याच्या नावापुढे पुरस्कार घेणाऱ्याचे नाव. ते दोन्ही प्रश्नसंच मी पेन्सिलीची खूण करून परत पाठवले आहेत.