जुन्या नाशकातला वाडा बघायचा कसा

सराफ बाजार, तिवंधा, तांबट आळी, भद्रकाली या बाजूला जुने वाडे अजून उभे आहेत, काही तर टेकू लावून, आणि बहुतेक लोक येतात, दरवाज्याचा फोटो काढतात आणि निघून जातात. प्लीज असं करू नका, तासभर हाताशी ठेवा, टॉर्च घ्या आणि खालून वर बघत जा.

आधी जोतं, म्हणजे वाड्याचा जमिनीवर दिसणारा पाया, बघा. काळ्या दगडाचं घडीव जोतं असतं आणि नदीकडच्या भागात त्याच्या उंचीचा थेट संबंध गोदेच्या पुराशी आहे. सरकारवाड्याच्या पायऱ्यांना पाणी लागलं का, नदीपात्रातली दुतोंड्या मारुतीची मूर्ती कुठपर्यंत बुडाली यावर नाशिककर आजपण पूर मोजतात, ऑगस्ट २०१६ मध्ये तर सराफ बाजारात पाणी शिरलं होतं. जोतं बुटकं दिसलं तर लगेच मत बनवू नका, रस्त्यावर थरावर थर पडून अर्धं जोतं गाडलं गेलेलं असू शकतं.

मोठ्या दाराच्या फळीत दिंडी, म्हणजे छोटं दार, असते, वाकून आत जायचं आणि लगेच मागे वळून दाराशेजारच्या भिंतीत चौकोनी भोक शोधायचं. दार आतून अडवायचा लाकडी दांडा, म्हणजे अडसर, तिथे सरकवून ठेवायचे.

मग देवडी, म्हणजे दारामागची पहारेकऱ्याची जागा, ओलांडून चौकात या, इथे मात्र घाई नको. खांब कशावर उभाय ते बघा, खाली दगडी तळखडा असतो म्हणून जमिनीची ओल लाकडाला लागत नाही. वर खांब सुरूच्या झाडासारखा निमुळता, त्यावर तुळईला आधार देणारे हस्त, महिरप, कुठे कुठे लाकडात कोरलेली लोंबती केळफुलं. नक्षी सुंदरच असते पण खरी गोष्ट ही की बऱ्याच वाड्यांत भार हा लाकडी सांगाडाच पेलतो, खांब आणि तुळया, भिंत मधली जागा भरते. म्हणून वाळवीने आतली तुळई पोखरली तरी बाहेरून भिंत धडधाकट वाटते आणि एखाद्या पावसाळ्यात सगळं खाली येतं. गिलावा फुगलाय का, तुळईचं टोक भिंतीत शिरतं तिथे ओल आहे का, हे टॉर्च मारून नक्की बघा, आणि दिसलं तर मालकांना सांगा.

मान वर केली की कडीपाट दिसेल, तुळयांवर कड्या, कड्यांवर पाट, त्यावर मातीचा थर.

आता वय. प्रत्येक जण सांगतो वाडा पेशवाईतला, पण मंगलोरी कौलांचा पहिला मोठा कारखाना बासेल मिशनने १८६५ मध्ये काढला, त्यामुळे तशी कौलं दिसली तर निदान छप्पर तरी नंतरचं. लोखंडी गर्डरवर डॉर्मन लाँग या ब्रिटिश पोलाद कंपनीचं नाव दिसलं तर तो भाग १८७५ च्या आधीचा नाही, कारण कंपनीच तेव्हाची. फक्त छपरावरून अख्ख्या वाड्याचं वय ठरवू नका, कौलं बदलली जातात, जोतं आणि खांब सहसा तेच राहतात.

बऱ्याच वाड्यांत लोक राहतात, तर आधी विचारा, माजघर आणि देवघराकडे बोलावलं तरच जा, दुपारी दीड ते चार टाळा. पावसाळ्यात रिकाम्या वाड्याचा जिना अजिबात चढू नका. निघताना कागदावर साधा नकाशा काढा, दोन खांबांमधलं अंतर टेपने मोजून त्यावर लिहा, आणि त्याची एक कॉपी घरच्यांना द्या, बऱ्याच घरांत स्वतःच्या वाड्याचा एकही नकाशा नसतो.