व्यक्तिचित्राचं एचिंग: प्लेट छापायला नेण्याआधी

एचिंग म्हणजे धातूच्या प्लेटवरच्या थरातून सुईने रेखाटायचं, उघड्या रेघा अम्लाला खाऊ द्यायच्या, मग रेघांत शाई भरून, वरची पुसून कागदावर छापायचं. सुई हातात घेण्याआधी, प्लेट छापून देणाऱ्या मुद्रकाला एकदा भेटून या. प्लेट तयार झाली की बघू, असं म्हणत बसलात तर तोवर धातू, अम्ल, कागद सगळं ठरून गेलेलं असतं. ब्रिटिश चित्रकार ल्युसियन फ्रॉइड प्लेट कॅनव्हाससारखी ईझलवर उभी ठेवून समोरच्या माणसाला बघत थेट रेखाटायचा. लंडनच्या स्टुडिओ प्रिंट्स या छपाईच्या कार्यशाळेतले मुद्रक मार्क बालाक्जियान वर्षानुवर्षं त्याच्या प्लेट छापत होते. असा भरवसा एका भेटीत बसत नाही.

पहिला प्रश्न धातूचा. चेहऱ्यासाठी मी तांबंच घेते, फेरिक क्लोराइडमध्ये (यालाही आम्ही अम्लच म्हणतो) त्याची रेघ नेटकी खाल्ली जाते. कडा कानशीने उतरत्या करून घ्या, नाहीतर प्रेसच्या दाबाखाली ओला कागद फाटतो आणि प्रेसवरची लोकरी फेल्टही कापली जाते. मग तेलकटपणा काढायचा. पाणी थेंबाथेंबांनी न तुटता प्लेटभर सलग पसरलं की ग्राउंड, म्हणजे अम्ल अडवणारा थर, द्यायला हरकत नाही.

चेहरा छापताना उलटतो, हे सगळ्यांना माहीत असतं आणि तरी ऐन वेळी विसरतं. डाव्या गालावरचा तीळ उजवीकडे जातो, भांग बाजू बदलतो. समोर बसलेल्याला आपलं चित्र ओळखीचं वाटतं, कारण तो स्वतःला आरशातच बघत आलेला असतो. घरच्यांना मात्र काहीतरी खटकतं. उलटं चालणार नसेल तर रेखाटन आधीच आरशात बघून किंवा ट्रेसिंग पालथं घालून उतरवा. सहीचंही तेच.

अम्लात सोडण्याआधी प्लेट तिरप्या उजेडात धरा. ग्राउंडमधलं टाचणीच्या टोकाएवढं छिद्र गालावर काळा ठिपका होऊन बसतं. ब्रशने वॉर्निश लावून ते बुजवा, मागची बाजूही झाका. त्याच धातूच्या पट्टीवर, त्याच अम्लात, वेगवेगळी मिनिटं देऊन चाचणी घ्या. पापण्या आणि ओठांची कड लवकर झाकायची, केसांना शेवटपर्यंत खाऊ द्यायचं.

कागद मुद्रकाला विचारूनच. सुती, जाडसर, प्लेटपेक्षा चारही बाजूंनी मोठा. भिजवून टिपून घेतल्यावर तो गार आणि मऊ लागला पाहिजे, वर पाण्याची चमक नको.

आता सगळ्यात महत्त्वाचं: पुसणं. माझ्या एका प्लेटवर गालाची सावली फार काळी आली होती. मी खरवडणी उचलली, तेवढ्यात मुद्रकाने प्लेट मागून घेतली. पुन्हा शाई भरली, कडक जाळीच्या कापडाने पुसली आणि शेवटी तळव्याला खडूची पूड लावून फक्त गालावरून दोनदा हलका हात फिरवला. पुढच्या प्रूफमध्ये, म्हणजे तपासणीसाठी काढलेल्या छापात, गाल उजळला होता, जबड्याखाली मात्र शाईचा पातळ धूर तसाच होता. रेघा पहिल्यापासून बरोबरच होत्या. तेव्हापासून मी प्लेट दुरुस्त करण्याआधी वेगळं पुसलेलं एक तरी प्रूफ मागतेच. खरवडलेलं तांबं परत येत नाही.

पेन्सिल जवळ ठेवा आणि प्रूफवरच लिहा. ‘जरा मऊ हवं’ याने मुद्रकाला काही कळत नाही. ‘नाकाखाली शाई राहू दे, कपाळ साफ’ याने कळतं. प्रत्येक प्रूफवर क्रमांक घाला. रेम्ब्रांटने १६४८ साली खिडकीशी बसून केलेल्या स्वचित्राच्या वेगवेगळ्या अवस्थांचे ठसे उरलेत, म्हणून त्याने काय काय बदललं ते आजही बघता येतं.

व्यवहाराचं आवृत्ती, म्हणजे ठरलेल्या प्रतींची छपाई, सुरू होण्याआधीच बोला: प्रती किती, मजुरी किती, मुद्रकाची प्रत कोणती, शेवटी प्लेट कुणाकडे आणि पुन्हा छापता येऊ नये म्हणून ती रद्द कधी करायची. ड्रायपॉइंटचं, म्हणजे अम्लाशिवाय सुईने थेट धातूवर ओरखडलेलं, काम असेल तर प्रती कमीच ठरवा, रेघेवरची कड दाबाखाली लवकर झिजते. मनासारखं प्रूफ आलं की त्यावर ‘छापायला मंजूर’ लिहून सही करा. ते प्रेसशेजारी, मुद्रकाच्या नजरेसमोर लावलं जातं आणि पुढची प्रत्येक प्रत त्याच्याशी ताडून बघितली जाते.