‘आलो टीचर, आलो!’ : चिनी शिकवायला निघालेल्यांसाठी

गोव्यात फोंड्याला माझा चिनी भाषेचा संध्याकाळचा वर्ग भरतो. खाली स्कूटर थांबल्याचा आवाज येतो आणि जिन्याच्या पहिल्या पायरीवरूनच कुणीतरी ओरडतं, "आलो टीचर, आलो!" तो अजून आलेला नसतो, पण मराठीत तो आलाच. चिनी माणूस अशा वेळी ‘लाइ ल, लाइ ल’ म्हणतो. ‘लाइ’ म्हणजे येणं, आणि मागचा ‘ल’ म्हणजे गोष्ट घडली किंवा आता घडलीच, असं सांगणारा शब्द.

हे मला सुचायला दोन वर्षं लागली. दिल्लीत मी चिनी शिकले ते इंग्रजीतून, म्हणून पहिल्या तुकडीला शिकवलंही इंग्रजीतूनच. ‘ल’ म्हणजे भूतकाळ, असं फळ्यावर लिहून मोकळी झाले. मग मुलं ‘काल तो आजारी होता’ यालासुद्धा ‘ल’ चिकटवायची, आणि ‘उद्या’ आला की तो कधीच वापरायची नाहीत. अकरा जणांनी नाव घातलं होतं, गणेशचवथीनंतर तिघं उरली. आता मी ‘उद्या जेवलो की निघालो’ हे वाक्य देते. वेळ उद्याची, पण ‘जेवलो’मध्ये ल आहेच. चिनीतही त्या वाक्यात जेवण्याच्या मागे ‘ल’ येतो. दोन्हीकडे ल असणं हा निव्वळ योगायोग. पण मुलांच्या डोक्यात तो पक्का बसतो.

नव्या शिक्षकांना माझं कळकळीचं सांगणं एवढंच आहे : समोरची मुलं मराठीत किंवा कोंकणीत विचार करत असतील, तर त्यांना इंग्रजीचा वळसा घालायला लावू नका. ‘मी काल घेतलेलं पुस्तक’ घ्या. चिनीत शब्द ह्याच क्रमाने येतात : मी, काल, घेणे, मग ‘लेलं’चं काम करणारा ‘त’, शेवटी पुस्तक. इंग्रजीत पुस्तक आधी येतं आणि बाकीचं मागून. नात्यांचंही तसंच. मामा, काका, आत्या, मावशी यांना चिनीत वेगवेगळे शब्द आहेत. इंग्रजी पुस्तक मात्र मामा-काकांना एकाच शब्दात कोंबतं आणि मग चार ओळींची टीप देतं.

सगळ्यात जास्त वेळ उच्चारांना द्या. चिनी उच्चार रोमन अक्षरांत लिहायची आजची पद्धत, पिनयिन, 1958 साली चीनने स्वीकारली. तिच्यातली अक्षरं इंग्रजीसारखी वाचली की घात होतो. तिथलं ‘बी’ हे आपलं प, ‘डी’ हे त, ‘जी’ हे क. राजधानीचं नाव पेइचिंगच्या जवळचं आहे. ‘जे’ म्हणजे ‘चार’मधला च आणि ‘झेड’ म्हणजे ‘चारा’मधला च. हा फरक आपल्याला आईच्या दुधाबरोबर मिळालेला असतो. रोमी कोंकणी वाचणाऱ्यांना आणखी एक सोय. त्यांच्याकडे ‘एक्स’चा उच्चार श होतो, आणि पिनयिनमधला ‘एक्स’ त्याच्या अगदी जवळ आहे. (चिनी रोमन अक्षरांत लिहून बघणाऱ्या पहिल्या काही जणांपैकी एक, इटालियन धर्मगुरू मातेओ रिची, 1578 मध्ये गोव्यात उतरला होता, आणि 1582 मध्ये इथूनच पुढे चीनकडे गेला. मुलांना ही गोष्ट फार आवडते.)

आपली अडचण आहे फ. आजकालची मुलं ‘फळ’ म्हणताना ओठ मिटत नाहीत, दात लावतात. चिनीत हे दोन वेगळे आवाज आहेत. ओठ मिटून ‘फांग’ म्हणजे लठ्ठ, दात लावून ‘फांग’ म्हणजे ठेवणं. मी तोंडासमोर कागदाचा कपटा धरायला लावते आणि आजी ‘फणस’ कसं म्हणते ते आठवायला सांगते.

सूर चार, शिवाय एक सूर नसलेला हलका उच्चार. सुट्या अक्षरावर सूर घोकून घेऊ नका, दोन-दोन अक्षरांच्या जोड्या करा. ‘माय’ खालच्या सुरात म्हणजे विकत घेणं, वरून आपटून म्हणजे विकणं. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजाराचं नाटक करून घेतलं की चूक कुठे महागात पडते ते आपोआप कळतं. मोबाइलवरची ॲप सुट्या अक्षराला शाबासकी देतात आणि वाक्यात सूर कोसळतो, म्हणून मी त्यांच्यावर विसंबत नाही.

चित्राक्षरांबद्दल थोडक्यात. ती चित्रं म्हणून पाठ करायला लावू नका. बहुतेकांत एक भाग अर्थाचा आणि एक आवाजाचा असतो. ‘छिंग’ या भागाला पाणी जोडलं की स्वच्छ, हृदय जोडलं की भावना, बोलणं जोडलं की विनंती. हाताने किती लिहायचं यावर शिक्षकांत वाद आहेत, कारण चीनमध्येही लोक फोनवर पिनयिन टाइप करतात. परक्यांना चिनी किती येतं ते ठरवणाऱ्या 2021 च्या नव्या चिनी मानकात सहाऐवजी नऊ पातळ्या आणि 11,092 शब्द आहेत. 3,000 अक्षरं ओळखायची, पण हाताने लिहायची 1,200 च. हे मला पटतं.

पोटापाण्याचं खरं सांगते. 2020 च्या शैक्षणिक धोरणात परकीय भाषांची उदाहरणं दिली आहेत, त्यांत चिनी नाही. त्यामुळे शाळेतल्या नोकरीच्या भरवशावर राहू नका. त्याच वर्षी थांबलेली भारत-चीन थेट विमानं ऑक्टोबर 2025 मध्ये सुरू झाली, तेव्हापासून माझ्याकडे चौकशी वाढली आहे. येणारे बहुतेक वेर्ण्याच्या कारखान्यांतले. यंत्र बसवायला आलेल्या चिनी तंत्रज्ञाशी त्यांना बोलायचं असतं. त्यांना व्याकरणाचे धडे नकोत, ‘हा बोल्ट सैल आहे’ हवं. तिथून सुरुवात करा, व्याकरण मागून येतं.

परवा मोजणीचे शब्द घेतले. आपण माशांचा वाटा, केळ्यांचा घड, भाजीची जुडी म्हणतो, तसं चिनीत प्रत्येक वस्तूला काही ना काही लागतंच. लांबट वस्तूंना ‘थिआव’ : मासा, नदी, रस्ता, पँट. मागच्या बाकावरून प्रश्न आला, "टीचर, हुमणातला मासा पण थिआव?" (हुमण म्हणजे आमच्याकडची माशांची आमटी.) नाही, म्हटलं, तुकडा झाला की ‘खुआय’. आणि चिनी पैसे मोजायलाही ‘खुआय’च. मग हुमणातला एक खुआय किती खुआयला, यावर वर्ग पाऊण तास जास्त चालला.