युरोपात आपला डेटा कंपनीकडून कसा मागावा

कंपनीकडचा आपला डेटा दुसरीकडे नेता येईल अशा स्वरूपात मागण्याचा हक्क युरोपीय संघात जीडीपीआर या डेटा संरक्षण कायद्याच्या कलम २० मध्ये आहे. ईमेलमध्ये कलमाचा स्पष्ट उल्लेख करा आणि फाइल सीएसव्ही किंवा जेसन अशा संगणकाला वाचता येणाऱ्या स्वरूपात मागा. नुसतं ‘माझी माहिती द्या’ लिहिलं, तर कलम १५ (आपली माहिती पाहण्याचा हक्क) खाली पीडीएफ हातात पडू शकते; ती दुसऱ्या सेवेत चढवणं अवघड. कंपनीला उत्तराची मुदत एक महिना. काम गुंतागुंतीचं असल्यास आणखी दोन महिने मिळतात, पण तसं पहिल्या महिन्यातच कळवावं लागतं.

खरा वाद कलम २० मधल्या ‘तुम्ही दिलेला डेटा’ या शब्दांवर आहे. फॉर्ममध्ये भरलेलं तर त्यात येतंच; नियामकांच्या मते मनगटी घड्याळाने मोजलेले हृदयाचे ठोकेही येतात. त्यांवरून कंपनीने काढलेले अंदाज मात्र येत नाहीत, ते कलम १५ खाली मागा. शिवाय डेटावरची प्रक्रिया तुमच्या संमतीवर किंवा करारावर आधारलेली हवी, म्हणून करखात्याकडे हा अर्ज टिकत नाही.

डेटा थेट दुसऱ्या कंपनीकडे पाठवण्याची सक्ती ‘तांत्रिकदृष्ट्या शक्य असेल तर’ एवढीच आहे. ही मोठी पळवाट. म्हणून स्वतःसाठीही प्रत मागाच.

भारतात २०१९ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण विधेयकात हा हक्क होता, २०२३ च्या कायद्यातून तो वगळला गेला. हे चुकीचं झालं.