नवा सांधा बसवण्याआधी टेबलावर तपासा

मॉडेल रेल्वेच्या मांडणीत गाडी घसरली की दोष बहुधा सांध्यालाच, म्हणजे गाडीला एका मार्गावरून दुसऱ्यावर वळवणाऱ्या रुळांच्या तुकड्यालाच दिला जातो. पण अनेकदा दोष चाकांचा असतो! म्हणून नवा सांधा आणला की लगेच खिळे ठोकू नका. आधी टेबलावर सुटाच ठेवून एक डबा हाताने दोन्ही दिशांनी ढकलून बघा. अडखळला, तर एनएमआरए गेजने (चाकं आणि रुळांची अंतरं तपासायच्या मापपट्टीने) आधी डब्याच्या चाकांमधलं अंतर मोजा, मग सांधा.

खरी गोम फ्रॉगची, म्हणजे दोन रूळ जिथे एकमेकांना छेदतात त्या टोकाची. पेको कंपनीच्या युनिफ्रॉग सांध्यात हा तुकडा धातूचा, पण बाकी रुळांपासून विलग असतो. तार न जोडताही गाड्या धावतात, म्हणून बरेच जण ती तशीच सोडून देतात. लांब इंजिनाला फरक पडत नाही, चार चाकी शंटर, म्हणजे डबे हलवणारं छोटं इंजिन, मात्र सावकाश जाताना नेमका तिथेच मान टाकतो. माझं मत विचाराल तर तार आजच जोडा आणि सांध्याबरोबर बदलणाऱ्या स्विचमधून फ्रॉगला वीज द्या. खडी चिकटवल्यावर हे काम म्हणजे डोकेदुखी.

सांधा फिरवायला टॉर्टॉइजसारखी सावकाश फिरणारी मोटर लावणार असाल, तर पेकोच्या सांध्यातली छोटी स्प्रिंग काढा. झटक्याने चालणाऱ्या सोलेनॉइडसाठी (विद्युतचुंबकावर चालणाऱ्या मोटरसाठी) ती राहू द्या. काढलेली स्प्रिंग डबीत ठेवा, गालिच्यावर पडली की गेलीच.